युरोपीय बाजारपेठेतील सौंदर्यप्रसाधने व सुगंधी द्रव्ये : कायदेशीर पूर्ततांचे स्वरूप आणि भारतीय लघुउत्पादक

प्रस्तावना :

सुगंधी द्रव्यांच्या निर्मितीची परंपरा भारतात प्राचीन आहे. उत्तर प्रदेशातील कन्नौज येथे आजही तांब्याच्या डेगमध्ये फुले व पाणी घालून, बांबूच्या नळीतून वाफ भपक्यात उतरवून अत्तर गाळले जाते. या अत्तरास भौगोलिक उपदर्शनाचे संरक्षणही लाभलेले आहे. महाराष्ट्रात उटणे, शिकेकाई, वाळा व नागरमोथा यांचा वापर घरोघरी परिचित आहे. परदेशी ग्राहकांत नैसर्गिक प्रसाधनांविषयी आकर्षण वाढत असल्याने हा माल तेथे सहज विकला जाईल, असा समज अनेक लहान उत्पादकांत आढळतो. प्रत्यक्षात मालाचा दर्जा उत्तम असूनही तो सीमेवर किंवा दुकानात अडतो. याचे कारण बहुधा जकात नसते, तर त्या बाजारपेठेचे सुरक्षाविषयक नियम हे असते.

परकीय बाजारपेठांपैकी युरोपीय संघाचे नियम सर्वाधिक तपशीलवार मानले जातात व अनेक देशांनी त्यांचा आदर्श पुढे ठेवलेला आहे. म्हणून प्रस्तुत लेखात युरोपीय संघातील कायदेशीर पूर्तता, त्यांमागील तत्त्व आणि भारतीय उत्पादकांसमोरील नेमकी अडचण यांचे विवेचन केले आहे. हा विषय वाणिज्य, रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र, औषधनिर्माणशास्त्र व विधी या सर्व शाखांना स्पर्श करणारा असल्याने महाविद्यालयीन अध्यापकांच्या दृष्टीनेही त्यास महत्त्व आहे.

कायद्याची पार्श्वभूमी :

युरोपात सौंदर्यप्रसाधनांसाठी पहिला सामायिक निदेश १९७६ मध्ये संमत झाला. निदेशाची अंमलबजावणी प्रत्येक सदस्यराष्ट्र आपापल्या कायद्याद्वारे करीत असल्याने त्यात भिन्नता राहत असे. ती दूर करण्यासाठी ३० नोव्हेंबर २००९ रोजी विनियम क्रमांक १२२३/२००९ संमत करण्यात आला व ११ जुलै २०१३ पासून तो पूर्णपणे लागू झाला. विनियम सर्व सदस्यराष्ट्रांत थेट लागू होतो. त्यामुळे एका देशात नियमानुसार उतरलेला माल उर्वरित देशांतही विकता येतो.

या कायद्यानुसार शरीराच्या बाह्य भागांवर, दातांवर किंवा तोंडातील अंतःत्वचेवर केवळ किंवा मुख्यत्वे स्वच्छता, सुगंध, रूपबदल, संरक्षण, निगा अथवा गंधनिवारण यांसाठी लावले जाणारे द्रव्य वा मिश्रण म्हणजे सौंदर्यप्रसाधन होय. म्हणजेच साबण, तेल, काजळ, उटणे व अत्तर या सर्वांना एकच कायदा लागू होतो. अत्तरासाठी वेगळी सवलत नाही.

परवाना नव्हे, जबाबदारी :

भारतातील व्यवस्था मूलतः परवान्यावर आधारलेली आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० आणि सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० यांनुसार उत्पादनासाठी राज्याच्या परवाना अधिकाऱ्याकडून परवाना घ्यावा लागतो, तर आयातीसाठी केंद्रीय पातळीवर नोंदणी करावी लागते. त्यामुळे भारतीय उत्पादकाचा पहिला प्रश्न साहजिकच असा असतो की, युरोपातील परवाना कोठे मिळतो? याचे उत्तर, असा परवानाच नाही, असे आहे.

युरोपीय व्यवस्थेत विक्रीपूर्वी शासन मालास मान्यता देत नाही. त्याऐवजी प्रत्येक उत्पादनामागे युरोपीय संघात स्थायिक असलेली एक 'जबाबदार व्यक्ती' असावी लागते. ही व्यक्ती म्हणजे माणूस किंवा संस्था असू शकते. माल सुरक्षित आहे व सर्व नियमांची पूर्तता झाली आहे, याची कायदेशीर हमी तीच देते. आयात मालाच्या बाबतीत आयातदार हाच जबाबदार व्यक्ती ठरतो. मात्र तो लेखी अधिकारपत्राद्वारे संघातील अन्य कोणास हे काम सोपवू शकतो. एखाद्या वितरकाने तोच माल स्वतःच्या नावाने विकला, तर जबाबदारी त्याच्याकडे जाते.

या तरतुदीचा व्यावहारिक परिणाम मोठा आहे. कन्नौज, मुंबई अथवा पुणे येथील उत्पादक स्वतःच्या पत्त्यावर युरोपात विक्रीची जबाबदारी घेऊ शकत नाही. परिचितांच्या दुकानात डबे पाठविणे किंवा युरोपीय ग्राहकांना उद्देशून संकेतस्थळावरून विक्री करणे, हेही बाजारात माल आणणेच समजले जाते. प्रवाशाने स्वतःच्या वापरासाठी नेलेली कुपी व दुकानात विक्रीस ठेवलेली कुपी यांत कायद्याच्या दृष्टीने मूलभूत फरक आहे.

प्रमुख पूर्तता :

१) सुरक्षा अहवाल : प्रत्येक उत्पादनासाठी विक्रीपूर्वी सुरक्षा अहवाल तयार करावा लागतो. त्याचे दोन भाग असतात. पहिल्या भागात घटकांचे नेमके प्रमाण, भौतिक-रासायनिक गुणधर्म, टिकाऊपणा, सूक्ष्मजीवविषयक स्थिती, अशुद्ध द्रव्यांचे अंश, वेष्टनाची माहिती, अपेक्षित वापर व घटकांची विषशास्त्रीय माहिती यांचा समावेश होतो. दुसऱ्या भागात तज्ज्ञ मूल्यांकनकर्ता या माहितीच्या आधारे आपला निष्कर्ष व त्याची कारणे नोंदवितो. शरीरात शोषल्या जाणाऱ्या मात्रेची, ज्या मात्रेस अपाय आढळत नाही तिच्याशी तुलना केली जाते. सामान्यतः या दोहोंत किमान शंभरपट अंतर अपेक्षित असते. तीन वर्षांखालील बालकांच्या प्रसाधनांसाठी स्वतंत्र मूल्यांकन आवश्यक आहे.

मूल्यांकनकर्त्याच्या पात्रतेचीही अट आहे. त्याच्याकडे औषधनिर्माणशास्त्र, विषशास्त्र, वैद्यक किंवा तत्सम शाखेची पदवी असावी व ती एखाद्या सदस्यराष्ट्राने समकक्ष म्हणून मान्य केलेली असावी. त्यामुळे भारतीय पदवीधराचे ज्ञान पुरेसे असले तरी समकक्षतेच्या मान्यतेवाचून त्याची स्वाक्षरी ग्राह्य धरली जात नाही.

२) उत्पादन माहिती संचिका : उत्पादनाचे वर्णन, सुरक्षा अहवाल, निर्मितीपद्धती, दाव्यांचे पुरावे व प्राणीचाचणीविषयक माहिती एका संचिकेत ठेवावी लागते. ती जबाबदार व्यक्तीच्या वेष्टनावरील पत्त्यावर उपलब्ध असावी लागते आणि शेवटची बॅच बाजारात आल्यापासून दहा वर्षे जपावी लागते.

३) उत्तम निर्मितीप्रथा : स्वच्छता, नोंदी, कच्च्या मालाची तपासणी व बॅचचा माग यांविषयी शिस्त अपेक्षित आहे. आयएसओ २२७१६ या मानकानुसार काम केल्यास ही अट पूर्ण झाली असे गृहीत धरले जाते. प्रमाणपत्र स्वतः कायद्याने अनिवार्य नाही. तथापि युरोपीय खरेदीदार बहुधा त्याची मागणी करतात.

४) संगणकीय अधिसूचना : विक्रीपूर्वी उत्पादनाची माहिती संघाच्या सामायिक संगणकीय दालनात नोंदवावी लागते. ही माहिती शासकीय यंत्रणा व विषबाधा केंद्रे यांना उपलब्ध असते. एखाद्या बालकाने अत्तर प्यायले, तर वैद्यकास घटकांची कल्पना तत्काळ मिळावी, हा यामागील एक हेतू आहे. अधिसूचना म्हणजे मान्यता नव्हे. 'युरोपात नोंदणीकृत, म्हणून युरोपमान्य' अशी जाहिरात दिशाभूल करणारी ठरते.

५) घटकांवरील निर्बंध : विनियमाच्या परिशिष्टांत घटकांच्या सूची दिलेल्या आहेत. दुसऱ्या परिशिष्टात पूर्णतः निषिद्ध द्रव्ये, तिसऱ्यात मर्यादित वापराची द्रव्ये, तर चौथ्या, पाचव्या व सहाव्या परिशिष्टांत अनुक्रमे अनुज्ञेय रंग, परिरक्षके व अतिनील किरणरोधके येतात. शिसे व पारा यांची संयुगे निषिद्ध सूचीत आहेत. त्यामुळे शिसेयुक्त सुरमा, शेंदूर किंवा पारा असलेली गोरेपणाची मलमे तेथे विकता येत नाहीत. काळ्या मेंदीत मिसळले जाणारे पॅराफिनिलीनडायअमाइन हे द्रव्य केवळ केसांच्या रंगात व ठरावीक मर्यादेतच चालते. हातावर नक्षी काढण्यासाठी नाही.

६) प्राणीचाचणीस बंदी : तयार उत्पादनांच्या प्राणीचाचणीवर सप्टेंबर २००४ पासून व घटकांच्या चाचणीवर मार्च २००९ पासून बंदी आली. ११ मार्च २०१३ पासून सौंदर्यप्रसाधनांसाठी अशी चाचणी केलेल्या मालाच्या विक्रीवरही संपूर्ण बंदी लागू झाली. भारतानेही २०१४ मध्ये चाचणी व अशा मालाची आयात या दोहोंवर बंदी घातली. त्यामुळे या एका बाबतीत भारतीय उत्पादकास अडचण येण्याचे कारण उरलेले नाही.

७) लेबल : जबाबदार व्यक्तीचे नाव व पत्ता, आयात मालाचा मूळ देश, वजन किंवा घनफळ, किमान टिकाऊपणाची तारीख, सावधगिरीच्या सूचना, बॅच क्रमांक, उत्पादनाचे कार्य व घटकांची यादी हे तपशील छापावे लागतात. टिकाऊपणा तीस महिन्यांहून अधिक असल्यास तारखेऐवजी, आवश्यक तेथे, उघडलेल्या डबीचे चिन्ह व उघडल्यानंतर वापरण्याचा कालावधी दिला जातो. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावयाचे असून एक टक्क्याहून कमी असलेले घटक शेवटी कोणत्याही क्रमाने देता येतात. घटकांची नावे आंतरराष्ट्रीय नामावलीनुसार असतात, तर सूचनांची भाषा ज्या देशात विक्री होते तेथील कायदा ठरवितो. पाच मिलिलीटरहून कमी मालावर घनफळ छापण्याची सक्ती नाही. तीन मिलिलीटरच्या अत्तराच्या कुपीस ही सवलत मिळते. परंतु घटकांच्या यादीतून तिची सुटका होत नाही. जागा नसल्यास यादी सोबतच्या पत्रकावर किंवा टॅगवर द्यावी लागते.

अत्तराचा विशेष प्रश्न :

नैसर्गिक अत्तर उत्पादकास सर्वाधिक अडचणीचा भाग ॲलर्जीकारक गंधद्रव्यांचा आहे. २००३ च्या दुरुस्तीने अशी २६ द्रव्ये निश्चित करण्यात आली. त्वचेवर राहणाऱ्या प्रसाधनात ०.००१ टक्क्याहून व धुऊन टाकल्या जाणाऱ्या प्रसाधनात ०.०१ टक्क्याहून अधिक प्रमाण असल्यास त्यांचे नाव लेबलवर छापणे बंधनकारक झाले. युरोपीय वैज्ञानिक समितीने २०१२ मध्ये ही सूची अपुरी असल्याचे मत दिले. त्यानंतर विनियम क्रमांक २०२३/१५४५ द्वारे सूची वाढवून ऐंशीहून अधिक नोंदींपर्यंत नेण्यात आली. या विनियमाने नव्या उत्पादनांसाठी ३१ जुलै २०२६ व आधीपासून बाजारात असलेल्या उत्पादनांसाठी ३१ जुलै २०२८ ही मुदत ठरवून दिली. विस्तारित सूचीत गुलाब, मोगऱ्याच्या कुळातील जाई-चमेली व चंदन यांची तेलेही समाविष्ट झाली. म्हणजे भारतीय अत्तराचा जो प्राण, तोच आता लेबलवर नावानिशी यावा लागतो.

येथे एक उदाहरण घेणे उपयुक्त ठरेल. गुलाबतेलात सिट्रोनेलॉल व जिरॅनिऑल ही द्रव्ये निसर्गतःच विपुल असतात. एखाद्या गुलाबतेलात सिट्रोनेलॉल ३० टक्के आहे असे मानले आणि ते तेल प्रसाधनात केवळ ०.५ टक्के वापरले, तरी सिट्रोनेलॉलचे प्रमाण ०.१५ टक्के, म्हणजे नमूद करण्याच्या मर्यादेच्या १५० पट होते. या द्रव्यास बंदी नाही; केवळ ते लेबलवर सांगावयाचे आहे. मात्र त्यासाठी ते आहे हे उत्पादकास ठाऊक असले पाहिजे.

गुलाबतेलातील मिथिल युजेनॉल या घटकाची स्थिती वेगळी आहे. उच्च सुगंधी द्रव्यांत त्याची मर्यादा ०.०१ टक्के, ओ द त्वालेत मध्ये ०.००४ टक्के व सुगंधी क्रीममध्ये ०.००२ टक्के आहे. तेलात हा घटक २ टक्के आहे असे गृहीत धरल्यास तयार मालात ते तेल ०.५ टक्क्याहून अधिक वापरता येणार नाही. चंदनतेलाच्या आधारावर तयार केलेल्या अत्तरात असे गुलाबतेल ५ टक्के उतरले असेल, तर मिथिल युजेनॉल ०.१ टक्के, म्हणजे मर्यादेच्या दहापट होईल. अत्तर जितके अस्सल व गडद, तितकी ही मर्यादा ओलांडण्याची शक्यता अधिक. 'नैसर्गिक आहे, म्हणून निर्धोक आहे' हे विधान येथे टिकत नाही. कायदा द्रव्याचा उगम पाहत नाही. तो त्याचे प्रमाण पाहतो.

स्वस्त अत्तराची समस्या याच्या उलट आहे. चंदनतेल महाग झाल्याने त्याऐवजी द्रवरूप पॅराफिन किंवा व्यापारात डीओपी म्हणून ओळखले जाणारे थॅलेट वापरले जाते. हे थॅलेट प्रजननास अपायकारक ठरल्याने युरोपात प्रसाधनांसाठी निषिद्ध आहे. अशा प्रकारे अस्सल माल एका कारणाने व नकली माल दुसऱ्या कारणाने अडतो. दोन्ही ठिकाणी उत्पादकाजवळ रासायनिक पृथक्करण नसणे, हे समान सूत्र दिसते.

शिवाय फुलांचा हंगाम, जमीन व पाऊस यांनुसार प्रत्येक वेळच्या तेलाची घटना बदलते. म्हणून वायुवर्णलेखन व वस्तुमान वर्णपटमापन या पद्धतींनी बॅचनिहाय तपासणी आवश्यक ठरते. गुलाबतेल व चंदनतेल यांसाठी अनुक्रमे आयएसओ ९८४२ व आयएसओ ३५१८ ही मानके उपलब्ध आहेत. जिनिव्हा येथील आंतरराष्ट्रीय सुगंध संघटनेची मानके कायदा नसली, तरी खरेदीदार व मूल्यांकनकर्ते ती प्रमाण मानतात.

घराण्याच्या कृतीचे गुपित :

पिढीजात कृती उघड होईल, या भीतीने अनेक अत्तरकार निर्यातीपासून दूर राहतात. ही भीती अंशतः निराधार आहे. लेबलवर संपूर्ण सुगंधी मिश्रणासाठी 'पार्फम' हा एकच शब्द पुरतो. त्याव्यतिरिक्त फक्त नमूद करणे आवश्यक असलेली ॲलर्जीकारक द्रव्ये येतात. सुगंधी मिश्रण दुसऱ्या पुरवठादाराकडून घेतले असल्यास संचिकेत मिश्रणाचे नाव, सांकेतिक क्रमांक व पुरवठादाराची ओळख देण्याची मुभा आहे. मात्र मूल्यांकनकर्त्यास सुरक्षेसंबंधीची माहिती द्यावीच लागते. गुप्ततेचा करार करून ती देणे, हा मार्ग व्यवहारात रूढ आहे.

दावे आणि औषधाची सीमारेषा :

भारतात आयुर्वेदिक औषधे व प्रसाधने यांस कायद्यात स्वतंत्र स्थान आहे. युरोपीय प्रसाधन कायद्यात असा वर्ग नाही. 'त्वचा मऊ होते' हा दावा प्रसाधनाचा, तर 'खरूज व इसब बरे होते' हा दावा औषधाचा समजला जातो. दिवाळीच्या उटण्याच्या पाकिटावर त्वचारोग नाहीसे होतात असे छापलेले असल्यास तेच उटणे औषधविषयक कायद्याच्या कक्षेत जाते व तेथे विक्रीपूर्व अधिकृत मान्यता अनिवार्य असते. दावे सत्य, पुराव्यावर आधारित व प्रामाणिक असावेत, असे निकष २०१३ च्या विनियम क्रमांक ६५५ ने घालून दिले आहेत. म्हणजे मालात काहीही बदल न करता केवळ पाकिटावरील एक वाक्य वगळल्याने त्याचा मार्ग मोकळा होऊ शकतो.

उल्लंघनाचे परिणाम :

विक्रीनंतर गंभीर अपाय आढळल्यास जबाबदार व्यक्ती व वितरक यांनी तो शासनास विनाविलंब कळविणे बंधनकारक आहे. सदस्यराष्ट्रांच्या यंत्रणा दुकानातून नमुने घेऊन तपासतात. धोकादायक आढळलेल्या मालाची माहिती 'सेफ्टी गेट' या सामायिक इशारा व्यवस्थेद्वारे सर्व देशांत पोहोचते व ती जनतेसही पाहता येते. एका देशात काढून घेतलेला माल दुसऱ्या देशात खपविणे त्यामुळे कठीण होते. एकाच्या चुकीने त्याच प्रकारच्या इतर मालाकडेही संशयाने पाहिले जाते, ही यातील अधिक गंभीर बाब होय.

ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यानंतर १ जानेवारी २०२१ पासून ग्रेट ब्रिटनमध्ये स्वतंत्र जबाबदार व्यक्ती व स्वतंत्र अधिसूचना आवश्यक झाली. उत्तर आयर्लंडमध्ये मात्र युरोपीय संघाचेच नियम लागू राहिले. अमेरिकेनेही डिसेंबर २०२२ मध्ये कायदा करून कारखान्याची नोंदणी, उत्पादनांची सूची व सुरक्षेचे पुरावे यांची सक्ती केली. म्हणून 'परदेश' ही एकच बाजारपेठ नाही, हे ध्यानात घेणे आवश्यक आहे.

अडथळा की संरक्षण ?

अशा नियमांकडे विकसनशील देशांत छुपा व्यापारी अडथळा म्हणून पाहिले जाते. जागतिक व्यापार संघटनेचा तांत्रिक अडथळ्यांविषयीचा १९९५ पासूनचा करार मानवी आरोग्यासाठी नियम करण्यास मुभा देतो. अट इतकीच की त्यांत देशी-परदेशी असा भेद नसावा. उपरोक्त नियम फ्रान्समधील ग्रास येथील उत्पादकास जितके लागू आहेत, तितकेच कन्नौजच्या उत्पादकास लागू आहेत. तथापि नियम समान असले तरी ते पाळण्याची क्षमता समान नसते. मोठ्या कंपनीस सुरक्षा अहवालाचा खर्च हजारो कुप्यांवर विभागता येतो. वर्षाकाठी थोडेच अत्तर गाळणाऱ्या कुटुंबास तो एका लहानशा साठ्यावर सोसावा लागतो. प्रत्येक नव्या गंधाचा अहवाल वेगळा असल्याने वीस गंध करणाऱ्या कारागिराचा भार अधिकच वाढतो. भेदभाव नियमाच्या शब्दांत नसून त्याच्या खर्चात आहे.

ही दरी भरून काढण्याचे काम ज्ञानसंस्था करू शकतात. कन्नौज येथे १९९१ मध्ये स्थापन झालेले सुगंध व स्वाद विकास केंद्र, तसेच मुंबईत मुलुंड येथील वझे महाविद्यालयाने सुरू केलेला सुगंध व सौंदर्यप्रसाधन व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम ही या दिशेने पडलेली पावले आहेत. अनेक महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत पृथक्करणाची उपकरणे असतात. परंतु ती प्रात्यक्षिकापुरतीच वापरली जातात. परिसरातील उत्पादकांच्या तेलांची घटना तपासणे, लेबलांचा मसुदा तयार करणे, दाव्यांची छाननी करणे यांसारखी कामे विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत सहज बसू शकतात. अंतिम स्वाक्षरी युरोपमान्य मूल्यांकनकर्त्याची असली, तरी त्यास लागणारी बहुतांश माहिती येथेच सिद्ध करता येते व तेवढ्या प्रमाणात खर्च कमी होतो.

निष्कर्ष :

१) युरोपीय व्यवस्था परवान्यावर नव्हे, तर निश्चित व्यक्तीच्या जबाबदारीवर व लेखी पुराव्यावर उभी आहे.

२) नैसर्गिक उगम ही सुरक्षेची हमी नाही. अस्सल अत्तरासही प्रमाणाची मर्यादा पाळावी लागते.

३) भौगोलिक उपदर्शन मालाचे मूळ सिद्ध करते, सुरक्षा नव्हे. दोन्हींची पूर्तता स्वतंत्रपणे करावी लागते.

४) लघुउत्पादकाची खरी उणीव मालाच्या गुणवत्तेत नसून त्या गुणवत्तेच्या मोजमापात व नोंदीत आहे.

डेगेजवळ बसलेला कारागीर केवळ वासावरून अत्तर उतरल्याचे ओळखतो. त्याचे हे ज्ञान कमी प्रतीचे नाही. परंतु जो ग्राहक त्याला कधीच भेटणार नाही, त्याच्या त्वचेच्या सुरक्षेसाठी ते ज्ञान आकड्यांत मांडावे लागते. ते मांडण्यास साहाय्य करणे, हे उच्च शिक्षणसंस्थांच्या आवाक्यातील कार्य आहे.